गोलमागची द्राक्षबाग

निफाड, रविवार संध्याकाळ, मार्च १९९८

हंगाम संपला, आमची फुटबॉल टीम तळाला. तरी हसून हसून पोट दुखतंय!

गोल का होत नाहीत, या प्रश्नानं वर्षभर डोकं खाल्लं. बूट बदलले, जागा बदलल्या, आपसांत भांडलोही. आज नाशिकला शेवटच्या सामन्यात बॉल घेऊन थेट गोलसमोर पोचलो आणि सवयीनं हळूच ढकलला. गोलकीपरनं आरामात उचलला.

तेवढ्यात सामना बघायला आलेले नामदेवकाका ओरडले, "अरे, हाण ना जोरात! इथं काय माझी बाग हाय का?"

बाग! आमच्या सरावाच्या मैदानावर एकच गोल, आणि त्याच्या मागं काकांची द्राक्षं. बॉल घडांवर गेला की शिव्या ठरलेल्या. म्हणून आम्ही सगळेच हळू मारायला शिकलो. हे कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? माझ्यासुद्धा?

पुढचा बॉल डोळे मिटून हाणला. गोल! हरलो ते हरलोच, पण काका मैदानात घुसून नाचले.

परतताना टेंपोत काका म्हणाले, "उद्यापासून असंच मारा. फक्त गोल मैदानाच्या पलीकडच्या टोकाला लावा. तिकडं तुझ्या बापाचा ऊस हाय."