तिरकी रेघ

गुरुवार, संध्याकाळ. मोशी.

उद्या चाकणच्या कारखान्यात आपला ड्रॉइंग उघडून दाखवणारा प्रोग्राम बसवायचाय, पण मन अजून त्या तिरक्या रेघेवरच. आमची प्रोग्रामर स्नेहल दुपारी म्हणाली, "भाऊ, माझ्याकडे चालतंय." ते 'माझ्याकडे' कानाला खटकलं. तिच्याकडे लिनक्स, त्यांच्याकडे जुनं विंडोज. फाईल कुठं आहे ते सांगणाऱ्या पत्त्यातली तिरकी रेघ तिथं उलटी कलते.

मी विचारलं, "प्रोग्रामिंगच्या लायब्ररीत पत्ता त्या-त्या मशीनच्या धाटणीत बदलणारं तयार फंक्शन असतं ना?"

"असतं. मी रेघ हातानंच टाकलीय."

एका रेघेपायी ड्रॉइंग उघडलं नसतं, उद्या नाक कापलं गेलं असतं. विचारलंच नसतं तर? असो. तिनं फंक्शन लावलं, विंडोजवर उघडून दाखवलं.

तेवढ्यात कारखान्यातल्या सुपरवायझरचा फोन. गडी राजगुरुनगरचा. "येताय न्हवं उद्या?"

मीही त्याच्याच बोलीत, "व्हय, येतोय की राव!"

स्नेहल हसली. "भाऊ, तुमच्यात ते फंक्शन आधीपासूनच आहे."