छताच्या पिंपळपानांना सोनेरी रंग

३ नोव्हेंबर, सोमवार
पेंटर आजपण आला नाही. बन्सी. फोनवर म्हणतो, "मावशी, उद्या नक्की." त्याचं उद्या दिवाळीच्या आधीपासून चालू आहे! तुषार म्हणला, "आये, तूच मार की रंग." मी म्हणलं, "कमरेखालचं गेलं ते गेलं, डोकं तरी ठेव!"
बोलून गेले. पोरगं हसलं. तो हसला की मला जास्त राग येतो.

४ नोव्हेंबर
परांचीवरून पडायच्या आधी तुषारनं लोकांच्या बंगल्यांना पीओपी केलं. हे घर बांधलं तेव्हा स्वतःच्या छतालाही केलं — कडेनं पिंपळपानांची वेल, पंख्याभोवती मोठं फूल. रंग तेवढा राहिला. लोकांची घरं आधी! आता खाटेवर पडून दिवसभर ते पांढरं बघत बसतो.
सून दीपा नातीला, दिशाला घेऊन संगमनेरला माहेरी गेली ती आलीच नाही. म्हणतो, "रंग होऊ दे, मग बघ." काय बघू? छताला सोनेरी लावलं म्हणून बाई परत नांदायला येते होय! पण पोराच्या तोंडावर कसं सांगू? घेतला ब्रश.

६ नोव्हेंबर, गुरुवार
घाण केली. लई घाण केली.
पानांवर धूळ बसलेली. चौदा एप्रिलच्या आधी घर पुसतो तसं ओल्या फडक्यानं खसाखसा पुसलं. प्रायमर नसलेलं कोरं पीओपी ते! पानांच्या शिरा फडक्यात आल्या, पिठासारख्या. खालून ओरडतोय, "आये, थांब! नुसता कोरडा ब्रश फिरवायचा असतो!" आता सांगतो. दाराजवळची पानं पार बोथट झाली. भाकरीचे तुकडे चिकटवल्यासारखी दिसतात.
मग म्हणला, "राहू दे. वर कोण बघतंय?"
तर मी शिडीवर कशाला मरतेय?

१० नोव्हेंबर
प्रायमर झाला. मान गेली.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सोनेरी चालू. हा खाटेवरून मुकादम. "कडेलाच मार, पोटात न्हाई. ब्रश निथळून घे. ओघळ आला बघ!" म्हणलं, "तू खाली मर, मी वर मरते."
शेजारची आरती चहा घेऊन आली. चहाचं निमित्त. "आक्काबाई, सून येतीय वाटतं?" म्हणलं, "व्हय, बँड लावून!"
मागच्या दारी जाऊन दीपाला फोन केला. दिशानं उचलला. "आजी, पप्पा आता बसतात का?" म्हणलं, "न्हाई." पोरीला खोटं कशाला सांगू? मग दीपानं घेतला. "आत्याबाई, त्यांनाच इचारा," म्हणली अन् ठेवला. काय विचारायचं ते सांगितलं नाही.
येत नाही ती. लिहून ठेवते.

१५ नोव्हेंबर, शनिवार
फूल झालं. संध्याकाळी लाईट लावली तर सगळी पानं उठून दिसली — बोथट सोडून. हात चांगला होता मेल्याचा.
"आये, उद्या बरी साडी नेस. पाहुणे यायचेत."
"कोण?"
मान भिंतीकडं फिरवली.
एवढं लिहून मी येडी बघा — दिशासाठी शेंगदाण्याचे लाडू वळले.

१६ नोव्हेंबर, रविवार
नवरा-बायको आले. परके. घरं विकून देणारा माणूस बरोबर. बाईनं वर बघितलं, म्हणाली, "हे पीओपी काढता येईल ना?" ती स्वयंपाकघराकडं वळली तसं तुषार हळूच म्हणला, "आये, मीच दीपाला येऊ नको म्हणलो. घराचं येईल ते तिच्या अन् दिशाच्या नावावर. आपण दोघं कुठंपण राहू."
आतून बाईनं विचारलं, "आजी, तुम्ही इथं भाड्यानं राहता का?"
म्हणलं, "व्हय."