मामांचा गुडघा आणि शनिवारची डाक

यवतमाळ, ५ जानेवारी २०२६

ती. मामांना भैरवीचा शि. सा. न. वि. वि.

तर मी खुब्याचं सांगत होते आणि बस सुटली. खिडकीतून ओरडले तेही तुम्हाला ऐकू गेलं नसणार, कारण तुम्ही 'हो हो, कळलं' असा हात हलवत होतात, म्हणजे काहीच कळलेलं नव्हतं. फोन करणार होते. पण पोस्टात बावीस वर्षं डाक छाटून गठ्ठे लावणाऱ्या माणसाला भाचीनं फोन केला की त्याचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. म्हणून पाकीट. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.

मामा, तुमचा गुडघा निर्दोष आहे. गुन्हेगार खुबा आहे. मी तुम्हाला खुर्चीवर बसवून पाऊल बाहेर फिरवायला लावलं, आठवतं? डावं छान गेलं. उजवं चार बोटं जाऊन अडलं, आणि तुम्ही म्हणालात की हा पाय आधीपासूनच आळशी आहे. आळशी नाही, जाम आहे. एकाच स्टुलावर बसून, एकाच बाजूला वळून इतकी वर्षं पत्रं टाकलीत, त्याचं हे. आता बघा, व्हॉलीबॉलला तुम्ही नेटवर उडी मारता, खाली येताना अंग वळलेलं असतं. ते वळण खुब्यानं घ्यायचं. त्यानं नाही घेतलं तर गुडघ्यावर येतं, आणि गुडघा बिचारा दाराच्या बिजागरीसारखा, पुढे-मागे जाणारा. तिला पिळलं तर काय होणार? डिसेंबरात तेच झालं. सूज आली, मामींनी हळद-तेल लावलं, दहा दिवसांत उतरली. विषय संपला.

सोबतच्या कागदावर खुबा मोकळा करायचे चार व्यायाम चित्र काढून दिलेत. पाय माणसासारखे दिसत नसले तरी समजून घ्या. रोज सकाळ-संध्याकाळ केलेत तर १ फेब्रुवारीला, रविवारी, एसटी डेपोवाल्यांबरोबर तुम्ही खेळाल, हे मी सांगते. थर्ड इयरला असले म्हणून काय झालं, फिजिओथेरपीच शिकतेय, स्वयंपाक नाही. जिंकणाऱ्या संघाची ती स्टीलची घागर आठ वर्षं डेपोच्या कँटीनमध्ये पडली आहे. यंदा पोस्टात आणा.

पद्मजामामींना नमस्कार. लोभ आहेच, तो खुब्यासारखा जाम होऊ देऊ नका.

तुमची
भैरवी


नेर, २२ जानेवारी

चि. भैरवीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुह्ये चारही व्यायाम करून राह्यलो. तुही मामी म्हणते का हा माणूस व्यायाम करून राह्यला का पलंगाखाली हरवलेली चप्पल शोधून राह्यला, काही समजत नाही. परवा कांताबाई आलती, आपल्या वावरात कापूस वेचते ते. मले पाह्यलं, चहाचा कप हातात घेऊन उकिडवी बसली, दोन्ही गुडघे या बाजूले टेकवले, त्या बाजूले टेकवले. चहा हलला नाही. वय साठ. मंग विचारते, बाबू, एवढ्यासाठी पोरीले यवतमाळले कायले धाडलं?

पण फरक आहे. पाऊल आता सहा बोटं जाते. आमचा पोस्टमन संघदीप सर्व्हिस टाकते म्हणजे बंदूक, पण नेटवर उंच माणूस माह्याशिवाय कोणी नाही. तो म्हणते, इंद्रजितभाऊ ब्लॉकले नसले तर घागर पाहालेही जाऊ नोका.

रविवारी कळंबले गेलतो, चिंतामणीले. तिथं खाली उतरायच्या पायऱ्या आहेत ना, तिसऱ्या पायरीवर गुडघा एकदम आतल्या आत सटकला, जसा माहा नाहीच. दुखलं काही नाही. कठडा धरला. तुही मामी म्हणते, लोक देवापुढं डोकं टेकवते, तुम्ही पायऱ्यांवरूनच गुडघे टेकाले निघाले. व्यायामानं मोकळा झाला म्हणून होत असन, नाही?

जीव काही एका जागी राहत नाही. पत्रं छाटता छाटता हात वर जाते, ब्लॉकले. काल पोस्टमास्तर विचारत होते का बरं वाटून नाही राह्यलं का.

इकडची माया धरून राहा.

तुहा मामा
इंद्रजित


यवतमाळ, २९ जानेवारी, गुरुवार

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

इथे थंडी कमी झाली. मेसमध्ये चार दिवस वांगी आहेत. माझी प्रॅक्टिकल बरी गेली.

तुमचं पत्र मी काल यज्ञेश्वर सरांना दाखवलं, आमचे गुडघ्याचे सर. कांताबाईंसाठी दाखवलं, हसतील म्हणून. हसले. मग कळंबच्या पायरीवर थांबले. त्यांनी विचारलं, डिसेंबरात पडले तेव्हा आवाज झाला होता का, आणि सूज त्याच संध्याकाळी आली का. मी म्हटलं हो, तुरीची वाळलेली शेंग फुटावी तसा आवाज, मामाच म्हणाले होते. मग त्यांनी विचारलं की मी तुम्हाला आडवं झोपवून, गुडघा वाकवून, नडगी पुढे ओढून लिगामेंट तपासलं होतं का.

नव्हतं तपासलं. त्या आठवड्यात आमचा खुब्यावर सेमिनार झाला होता आणि मला तो फार आवडला होता.

सर म्हणाले, खुबा जाम असेलही, पण तो नंतरचा धडा. पायरीवर सटकणारा गुडघा मॅचला उतरवायचा नसतो. तेव्हा एमआरआय होईपर्यंत खेळू नका, रविवारी तर नाहीच. बहुतेक काही नसेल. पण खेळू नका. संघदीपदादांना सांगा की भाचीनं हात जोडलेत.

राग आला तरी लोभ कमी करू नका.

भैरवी


नेर, ७ फेब्रुवारी

चि. भैरवीस अनेक आशीर्वाद.

पलंगावर पडून लिहितो, अक्षर लोळन तर लोळू दे. तुह्या मामीनं फोनवर पडलो एवढंच सांगतलं, बाकी मीच लिहितो म्हटलं. दोन सेट एकेक झाले होते. तिसऱ्यात आपण अकरा-नऊनं पुढं. डेपोचा पूनमसिंग मारते म्हणून मी उडालो, बॉल अडवलाही, पण खाली आलो तवा पाय जमिनीवर अन् मी दुसरीकडंच. तोच शेंगेचा आवाज. डेपोच्याच पोरांनी बाकड्यावर टाकून नेलं. सोमवारी पूनमसिंग घागर घेऊन घरी आला, म्हणे तुम्ही पुढं होते. मी वापस धाडली. पुढं होतो, जिंकलो नव्हतो.

अमरावतीले एमआरआय केला. समोरचं लिगामेंट पुरं तुटलं. डॉक्टर म्हणते ते डिसेंबरातच गेलं असन. रविवारी गुडघ्यातली गादीही फाटली, हे नवं.

तुह्यं पत्र मले सोमवारी भेटलं. माहा नियम तुले माहीत आहे. पोस्टात आपली डाक आपण उचलाची नाही, पोस्टमन दारात देईन तवाच ते आपली. तर रविवारी मले काही ठाऊक नव्हतं. तू वेळेवर लिहिलं, डाकेले उशीर झाला. जीवाले लावून घेऊ नोको.

तुह्या मामीनं डिंकाचे लाडू धाडले आहे. पार्सलचं वजन मी नाही केलं, तवा खरं असन.

मामा


यवतमाळ, १० फेब्रुवारी

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

डाकेला उशीर नाही झाला. मी केला.

सरांनी बुधवारी दुपारी सांगितलं. फोन माझ्या हातातच होता. तुमचा नंबर दोनदा काढला आणि दोनदा बंद केला. फोनवर मला त्या क्षणी म्हणावं लागलं असतं की मामा, मी तपासलंच नव्हतं, आणि मग तुम्ही गप्प झाला असता. तुमचं गप्प होणं मला ऐकायचं नव्हतं. पत्रात सांगितल्यासारखंही होतं आणि ऐकावंही लागत नाही. मी मनात हिशोब केला, गुरुवारी टाकलं तर शनिवारी पोचेल, बरोबर वेळेत. एरवी तुम्हाला पत्र लिहिते ते तुम्हाला आवडतं म्हणून. हे एकच पत्र मी माझ्यासाठी लिहिलं.

आणि रविवारी दिवसभर फोन केला नाही, कारण तुम्ही खेळत नसणार असं मी ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी मामींचा फोन आला तेव्हा मी मेसमध्ये पोळी हातात घेऊन उभी होते, ती पोळी कुठे ठेवली आठवत नाही.

चार दिवस कॉलेजला गेले नाही. पेशंटच्या पायाला हात लावायचं म्हटलं की तो पाय तुमचाच वाटतो. मला बसवत नाही, वाचवत नाही. व्हरांड्यात फेऱ्या मारते. हॉस्टेलच्या पोरी म्हणतात हिचा खुबा तरी मोकळा झाला.

मामा, रागवा. लाडू पाठवू नका, रागवा.

भैरवी


नेर, १४ फेब्रुवारी

चि. भैरवीस आशीर्वाद.

रागावलो असतो, पण आधी माह्यं ऐक. हे तुह्या मामीलेही सांगतलं नाही.

शनिवारी सकाळी थैली उघडली तवाच तुह्यं पाकीट माह्या हातात आलं. अक्षर तुह्यं, अन् पाकीट पातळ. तू घाबरली का कागद कमी करते, हे मले तू दहावीत होती तवापासून माहीत आहे. आत काय असन ते न फोडता समजलं. कळंबच्या पायरीपासून मलेही आतून समजतच होतं. माह्या डाव्या हातले संघदीपचा गठ्ठा तयार होता. त्यात टाकलं असतं तर दुपारी एक वाजता ते माह्या दारात असतं. नियमही मोडला नसता, भैरवी. मी ते सोमवारच्या गठ्ठ्यात खाली सरकवलं.

बावीस वर्षांत कोणाचं नोकरीचं, कोणाचं कोर्टाचं, कोणाचं मयतीचं पत्र मी एक घंटा रोखलं नाही. पहिलं रोखलं ते माह्यंच. संघदीपनं सोमवारी आणून दिलं अन् विचारलं, भाऊ, याच्यावर शिक्का तर शनिवारचा आहे. मी म्हटलं राह्यलं असन. त्यानं माह्याकडं पाह्यलं नाही, गुडघ्याकडं पाह्यलं.

तू नंबर काढून ठेवला अन् मी पाकीट ठेवलं. पण माह्यं ठेवणं मोठं, मले पगारच न रोखाचा भेटते. तवा तू उद्यापासून कॉलेजले जाय. पायाले हात लाव. फक्त आधी पाय पाह्य, मंग सेमिनार.

लाडू खाय. लोभ रोखून नोको ठेवू, बाकी काही रोखलं तरी चालते.

तुहा मामा
इंद्रजित

ता. क. डॉक्टर म्हणते, ऑपरेशन करून नऊ महिने नेटानं व्यायाम केला तर पुढच्या फेब्रुवारीत उडी मारता येईन, येईनच असं नाही. नाही केलं तर चालणं, सायकल, वावर सगळं होईन, फक्त नेट सोडा. तुही मामी म्हणते खुर्ची टाका अन् पंचाची शिट्टी घ्या. माहा जीव खुर्चीत बसत नाही. व्यायाम करून घ्याले तर तूच येजो, खुब्यासकट. पण याचं उत्तर पाकिटात नोको धाडू. फोन लाव, अन् मी गप्प झालो तरी ठेवू नोको. पंचेचाळीस वर्षांच्या माणसानं परत उडी माराची का, तुले खरंच काय वाटते?