डाव्या हाताचा मळ

४ मार्च, मंगळवार

दातांच्या डॉक्टरचं गळाच्या दोरीचं रीळ पुन्हा आलं. पुन्हा आत वाळू! मासेमारीहून परतला की रीळ बादलीत बुडवून ठेवतो म्हणे. "मी अगदी स्वच्छ धुतो हो!" धुतोस कसला, बुडवून मारतोस बिचाऱ्याला! दोरीचा ब्रेक घट्ट करायचा, वरून पाण्याची बारीक धार, मग पुसून सावलीत वाळवायचं — झालं. पण हे त्याला सांगणार कोण? मी पडद्याच्या आत, बाबा बाहेर काउंटरवर. ते म्हणाले, "ठेवून जा. उद्या बघतो. माझ्या डाव्या हाताचा मळ!"

डॉक्टर हसला. सगळेच हसतात. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो, आणि गिऱ्हाइकांना वाटतं की हा माणूस एका डाव्या हाताने रिळं उघडतो, साफ करतो, जोडतो. "तुमच्या डाव्याला तोड नाही, उस्ताद!"

तो डावा हात इथे आत बसलाय. नखांत ग्रीस आहे. आत्ता लिहितोय.

६ मार्च, गुरुवार

रिळं. दिवसभर रिळं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत.

८ मार्च, शनिवार

एक निवृत्त नर्सबाई आल्या. पहिलाच रॉड घ्यायचाय, तळ्यावर बसायचंय, आणि मनगट दुखतं. बाबांनी मला माळ्यावरून सगळ्यात लांब, दणकट रॉड काढायला लावला. "हा घ्या. जन्मभर टिकेल."

"जन्म आता उरलाय कितीसा!" बाई म्हणाल्या.

मला राहवेना. हलका, जरा लवचीक रॉड काढला, त्याला लहान रीळ बसवलं आणि मुठीच्या पुढे एका बोटावर तोलून दाखवला. आडवा राहिला. "असा तोलला की मनगटाला ओढ लागत नाही," मी म्हटलं. बाबांनी डोळे वटारले.

पण नर्सबाईंची नजर! आधी बाबांच्या हाताकडे, मग माझ्या नखांकडे. बाबा पाणी प्यायला वळले तेव्हा हळूच विचारलं, "त्यांच्या शर्टाची बटणं कोण लावतं गं?"

"मी."

"मग रीळ कोण उघडतं?"

"बाबाच," मी म्हटलं. खोटं! कोणी गळा धरला नव्हता. तोंडातून आपोआपच निघालं.

१२ मार्च, बुधवार

कंपनीचा माणूस आला होता. ज्यांची रिळं आपण विकतो तीच कंपनी. आतून ऐकलं — मोठ्या शहरात दुरुस्तीची कार्यशाळा काढतायत. "तुमच्याकडून दुरुस्त होऊन गेलेलं रीळ पुन्हा तक्रार घेऊन येत नाही. तिथे मुलांना शिकवायला कोणीतरी हवंय." माझ्या हातात स्क्रू होता, तो तसाच राहिला.

तेवढ्यात बाबांची हाक — "चिमणे, मागच्या दुकानातून दूध आण, पाहुण्यांना चहा कर." आहे की घरात दूध! पण गेले. परत आले तर खुर्ची रिकामी.

"नाही म्हटलं त्याला," बाबा म्हणाले. "या वयात मी कुठे जातोय?"

चहा दोघांनी प्यायला. चाळिशीला आलेली बाई, आणि मला अजून दूध आणायला पाठवून देता येतं.

१६ मार्च, रविवार

तळ्यावर जाऊन आले!! जन्मात पहिल्यांदा.

नर्सबाईंचा निरोप आला, रॉड लावून द्यायला मुलीला पाठवा. बाबा कुरकुरले. "बायकांचं पाण्यावर काय काम!" मग म्हणाले, "जेवायच्या वेळेला ये."

रॉड जोडला, दोरी कड्यांतून ओवली, सगळं झोकात. आणि फेकायला गेले — गळ माझ्याच ओढणीत! दुसऱ्यांदा मागच्या झाडात. दोरीचा हा गुंता! नर्सबाई हसून हसून खाली बसल्या. "अगं, जन्मभर ताटं वाढलीस, घास कधी खाल्ला नाहीस होय?" म्हणजे रिळं कोण उघडतं ते त्यांना कळलेलंच होतं. या वेळी मी नाही म्हटलं नाही.

मग एकदा नीट पडला गळ. बऱ्याच वेळाने ओढ लागली आणि रीळ करकरलं. तो आवाज मला पाठ आहे — रोज टेबलावर हाताने दोरी ओढून तपासते की! पण पलीकडून कोणीतरी जिवंत ओढतंय, हे... लिहिता येत नाही. मासा सुटला. सुटू दे.

येताना नर्सबाई म्हणाल्या, "डाव्या हाताने जेवायला, बटणं लावायला शिकतात गं माणसं. मी कितीजणांना शिकवलंय. पण कोणी भरवत असेल तर कशाला शिकतील?"

घरी आले तर बाबा जमिनीवर. डॉक्टरचं अजून राहिलेलं रीळ उघडायला बसले होते. दातात झाकण धरून! चाकं, स्क्रू, सगळं घरंगळलेलं. मी गुडघ्यांवर बसून वेचत गेले. आतली बारीक स्प्रिंग काही सापडली नाही.

"लागलं का कुठे?" मी विचारलं.

"तू गेलीस की माझा हात जातो," ते म्हणाले. ओरडून नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

उठवलं, तोंड पुसलं, भरवलं. दाराला कडी नाही, पायात बेडी नाही. मग रागवायचं तरी कोणावर?

१७ मार्च, सोमवार

बाबांना भरवलं. घासागणिक चमच्याचा तेवढा आवाज.

१८ मार्च, मंगळवार

नव्या स्प्रिंगसाठी काउंटरवरून कंपनीला फोन केला. त्या दिवशीचाच माणूस निघाला. "ताई, दुरुस्तीचं काम तुम्हीच करता ना? तुमच्या वडिलांनी सांगितलं तेव्हाच. केवढं कौतुक करत होते! पण म्हणाले, तिला घर सोडून कुठे जायचं नाही, तिला विचारूसुद्धा नका."

बाबा समोरच बसले होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. त्यांनी मान खाली घातली.

मी म्हटलं, "विचारा."