खिडकीखालची जागा

४ नोव्हेंबर १९७८
स्कूटर आली एकदाची. बुकिंगचा नंबर लागेपर्यंत केस पिकले. पण महाल भागातल्या आमच्या बोळात ठेवू कुठे? खिडकीखाली तेवढी जागा, तर तिथे समोरचे गुलाबराव हातठेला लावतात. म्हटलं, जागा माझी. तर म्हणे, "काहून? तुमच्या खिडकीतून पडली का गा जागा?" मी थक्क! वर्षानुवर्षं यांच्याकडे चहा प्यालो.

७ नोव्हें.
चौकात लावली होती. स्टेपनी चोरीला गेली! नवी कोरी. जेवण गेलं नाही.

९ नोव्हें.
उपाय केला. मोरीतला कपडे धुवायचा दगड जागेवर ठेवून ऑफिसला गेलो. सौ. भडकली, "कपडे काय तुमच्या डोक्यावर आपटू?" संध्याकाळी पाहतो तर दगड नालीत, जागेवर ठेला. कमाल आहे माणसाची.

११ नोव्हें., शनिवार
मारुतीच्या देवळातून चिमूटभर शेंदूर पुडीत आणला. नालीतला दगड धुऊन त्याला फासला, ठेला नसताना जागेवर ठेवला. म्हटलं, आता सरकवून दाखवा! संध्याकाळी ठेला बोळाच्या टोकाला. कुणी नाही बघून दगड भिंतीशी सरकवला, स्कू. लावली. आज गाढ झोप लागणार.

१४ नोव्हें.
दगडापुढे जास्वंद. उदबत्ती. नारळाची शेंडी! मी हँडल धरून उभाच. गुलाबराव उघड्या डोक्याने, "भाऊ, चपला काढा. मी याले नालीत लोटलं होतं गा. तेव्हापासून ठेल्याचं चाक निखळून राहिलं." चपला काढल्या. स्कू. पुन्हा चौकात.

१९ नोव्हें.
आमच्या नलूचं लग्न जमलं. वर्ध्याच्या मंडळींचा होकार आला. पोरगी लाजून आत पळाली. किती दिवसांनी घरात हसणं. फक्त ती स्कू...

२० नोव्हें.
ठरवलं होतं, पहाटेच दगड उचलून मोरीत टाकायचा. खाली गेलो, तर दगडासमोर सौ.! न्हाऊन, हात जोडून. म्हटलं, "अवं, हा तुझा कपडे धुयाचा दगड होय न?"
"होता," म्हणाली. डोळेही उघडले नाहीत. "नलूसाठी नवस बोलली होती मी याले. चपला काढा."

२४ नोव्हें.
गुलाबराव सांगून गेले, उद्या तिथे सगळे मिळून ओटा बांधणार. "पहिला नारळ तुम्हीच फोडा गा. तुमच्या खिडकीखाली देव प्रगटले." खरं काय ते अगदी ओठावर आलं होतं. सौ. दारात उभी, मागे नलू. माझ्याकडेच बघत होत्या. गिळलं. भीती वाटते, दोन्हीची. बोललो तर घरात काय होईल? नाही बोललो तर एकदा ओटा झाला की जागा कायमची गेली.
स्कू. चौकातच आहे. नारळ आणला. अजून पिशवीतून काढलेला नाही.