सखू खळ्यात उतरली

ता. १६ डिसेंबर १९२८, रविवार. लोधिवली.
खोपोलीला काम बघायला निघालो होतो. वाटेत अक्काकडं भाकरी खाल्ली न् राहिलो. तिची सखू चौथ्या वर्षात, अजून कडेवरच. भिंत धरून उभी राहते, हात सोडला की बसते. मोठा पोरगा ओढ्यात भिजून तापानं गेला, तेव्हापासून दाजींनी दाराला आडवी फळी ठोकलीय. पोरीच्या पायाला बाहेरची माती लागायची नाय! फळीवर हनुवटी टेकून कोंबड्या बघते. पिवळी पडलीय. उद्या पहाटे खोपोली.

१७, सोम.
खोपोली राहिली. मळणीला माणूस कमी, दाजी थांब म्हणाले. शिवाय ओढ्यावर खंड्या पक्षी मासा धरत होता... बघत बसलो, ऊन डोक्यावर आलं. अक्काला म्हटलं, पोरीला जरा अंगणात सोड.
"तुझं काय रं, आज हितं, उद्या तिथं. हिला काय झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

१९, बुध.
दाजी चौक गावी गेलेले. सखूला फळीवरून उचलून अंगणात उभी केली. चोपलेली, टणक जमीन. धपकन पडली, ओठ फुटला. दाजी संध्याकाळी ओरडले नाय, तेच वाईट. "परत हात लावलास तर वाट धर."

२१, शुक्र.
मळणी चालू. मधोमध तिवड्याचा खांब, भोवती बैल, खाली गुडघाभर पेंढा. कामाला आलेल्या डोंगरातल्या ठाकरांची पोरं बैलांमागं दोर धरून फिरतात, पडतात, खिदळतात. पेंढ्यात लागतंय कुणाला! अक्काला हात धरून दाखवलं. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "उद्या."

२२, शनि.
अक्का सखूला कडेवर घेऊन खळ्यात!! दाजींनी बैल थांबवले. "कुणी सांगितलं?"
"मीच आणली. तुमी बैल हाका."
पोरीच्या हातात दोर दिला. म्हातारा बैल, पाखऱ्या, संथ चालतो. पडली. उठली. पडली, आणि हसली! मग दोर सुटला, तिला पत्ताच नाय. तशीच चालत तिवड्याला वळसा, थेट दाजींचं धोतर धरलं. मी टोपी उडवली, अजून सापडली नाय. दाजी डोळे पुसत म्हणाले, "कोंडा गेला."

२५, मंगळ.
गालावर रंग आलाय. मागून भाकरी घेते. काल ओढ्याकाठी खेकड्याच्या बिळात काडी घालत होती. दाजी पाठोपाठ, कासावीस, पण अडवलं नाय.

२७, गुरु.
दाजींनी फळी काढली. मोडली नाय, भिंतीला टेकवली. "पावसाळ्यात परत लावणार. ओढा तोच हाय."
दुपारी सखूनं ठाकरांच्या पोरांसंगं तीच फळी ओढत नेली, दगडावर तिरपी ठेवली. कोंबड्यांना चढायला. कोंबड्या चढेनात, मग स्वतःच चढली. दाजी बघत उभे.
उद्या खोपोली. नक्की. टोपी सापडली की.