कार्डावर एकच नाव

लिओना,

डॉक्टरांची आजची वेळ रद्द करू नकोस. दहा वाजता तुझी बहीण आयडा गाडी घेऊन येईल. तिला मी सगळं सांगितलंय, त्यावरून चिडू नकोस.

माझं मेडिकेअरचं, म्हणजे म्हातारपणच्या सरकारी आरोग्यविम्याचं, कार्ड कालच टपालाने आलं. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो. त्यावर माझं एकट्याचंच नाव आहे. त्यांच्या कचेरीत फोन केला, तर तिथली बाई म्हणाली, "काका, ज्याची पासष्टी त्याचं कार्ड. बायकोला तिची पासष्टी झाल्यावर." म्हणजे अजून तीन वर्षं! टपालपेटीवर, चर्चच्या यादीत, बोटीवरसुद्धा आपली दोघांची नावं, म्हणून हेही तसंच असेल असं मी गाढवाने गृहीत धरलं.

बोट घेऊन थर्स्टनकडे निघालोय. शेवंडी पकडायच्या पिंजऱ्यांसकट विकत घेतो म्हणालाय, डॉक्टरांचं बिल त्यातून भागेल. खिडकीतून धक्क्याकडे बघत बसू नकोस. निळा स्वेटर घालून जा, दवाखान्यात गारठा असतो.

मार्चमध्ये माझा हात धरून तू ती गाठ दाखवलीस, तेव्हा "माझं कार्ड येईपर्यंत थांब" असं मीच म्हणालो होतो. आणि सात महिने तू थांबलीस.

मर्ल